अमेरिकेत पदवीसाठी अर्ज करताना कॉलेजबद्दलची आवड कशी दिसावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीनंतर अमेरिकेत बॅचलर्ससाठी अर्ज करणारी मुलं आणि त्यांचे आईवडील यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मार्क, एसएटी आणि फी यांची माहिती बहुतेकांनी आधीच काढलेली असते. कॉलेजबद्दलची आवड दाखवण्याचा हा एक मुद्दा मात्र अर्ज भरून झाल्यावर कानावर येतो, आणि तोवर उशीर झालेला असतो.

‘डेमॉन्स्ट्रेटेड इंटरेस्ट’ म्हणजे नेमकं काय?

तुम्हाला त्या कॉलेजात खरोखर यायचं आहे, हे तुमच्या वागण्यातून कॉलेजला दिसणं. तुम्ही त्यांच्या माहिती-सत्राला बसलात का, इंटरव्ह्यूची सोय असताना तो दिलात का, त्यांचे मेल उघडता का, आणि मुख्य म्हणजे ‘हेच कॉलेज का’ या प्रश्नाचं उत्तर त्या कॉलेजची माहिती काढून लिहिलं आहे का, या गोष्टींवरून काही कॉलेजं अंदाज बांधतात. ‘काही’ हा शब्द महत्त्वाचा. सगळी नाही.

कॉलेजला याची गरजच काय? मार्क चांगले असले की पुरे नाही का?

आपल्याकडे हा प्रश्न पडणं अगदी स्वाभाविक आहे. इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडला पसंतीक्रम भरला की सीईटीच्या पर्सेंटाइलवर जागा मिळते. कॉलेज तुम्हाला ‘आमच्याकडेच का’ असं कधी विचारत नाही. अमेरिकेत अशी एकत्र यादी नाही. प्रत्येक कॉलेज स्वतंत्रपणे निवड करतं आणि एकेक मूल दहा-बारा ठिकाणी अर्ज करतं. कॉमन ॲप या अनेक कॉलेजांच्या सामाईक ऑनलाइन अर्जावरून तर वीस कॉलेजांपर्यंत अर्ज करता येतो. त्यामुळे प्रवेश दिलेल्यांपैकी किती जण प्रत्यक्ष येतील, हे कॉलेजला आधी कळत नाही.

या प्रमाणाला तिकडे ‘यील्ड’ म्हणतात. एक हिशेब करून बघा. कॉलेजला पहिल्या वर्षाला ५०० मुलं हवी आहेत आणि दर चार निवडलेल्यांमागे एक जण येतो, असा अनुभव आहे. म्हणजे २००० मुलांना प्रवेश द्यावा लागणार. त्यातले ६०० आले तर शंभर मुलांना हॉस्टेलमध्ये खोल्या नाहीत, आणि ४०० आले तर शंभर मुलांच्या फीचा खड्डा, तोही चार वर्षं. लग्नघरी किती पानं उठतील याचा अंदाज चुकला की जी धांदल उडते, तीच इथे. हार्वर्डसारख्या ठिकाणी निवडलेल्यांपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त मुलं येतात, त्यामुळे त्यांना ही चिंता नाही. मधल्या फळीतल्या खासगी कॉलेजांना ती दर वर्षी असते. म्हणून सारख्याच गुणवत्तेच्या दोन अर्जांमध्ये ‘हा नक्की येईल’ असं वाटणारा अर्ज त्यांना जवळचा वाटतो.

सगळीच कॉलेजं हे बघतात का?

नाही. हार्वर्ड, येल, स्टॅनफर्ड, एमआयटी यांसारखी कॉलेजं ही गोष्ट विचारात घेत नाहीत. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो ही कॅम्पस ज्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची आहेत, तीही घेत नाही. तिचा अर्ज वेगळा असतो आणि आठ प्रश्नांतले चार निवडून साडेतीनशे शब्दांपर्यंत उत्तरं लिहायची असतात, पण ‘आमचं कॅम्पस का’ हा प्रश्न त्यांत नसतो. याउलट वॉशिंग्टनचं अमेरिकन युनिव्हर्सिटी, न्यूयॉर्क राज्यातलं सिरॅक्यूज, पेनसिल्व्हेनियातलं लीहाय आणि डिकिन्सन ही आवडीचा विचार करणारी कॉलेजं म्हणून ओळखली जातात. धोरण बदलू शकतं, म्हणून आपल्या यादीतल्या प्रत्येक कॉलेजचं चालू वर्षाचं उत्तर स्वतः बघायचं.

ते कुठे बघायचं?

या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत उपयोगी जागा आहे आणि ती फुकट आहे, म्हणून जरा सविस्तर.

अमेरिकेतली बहुतेक कॉलेजं दर वर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा एक दस्तावेज प्रसिद्ध करतात. कॉलेजचं नाव आणि हे तीन शब्द गूगलमध्ये टाकले की पीडीएफ सापडते. त्यातला ‘सी ७’ हा तक्ता उघडा. डाव्या बाजूला एकेक निकष असतो: शाळेतले विषय किती अवघड होते, मार्क, परीक्षांचे स्कोअर, निबंध, शिफारसपत्रं, इंटरव्ह्यू, इतर उपक्रम. समोर चार रकाने असतात: अत्यंत महत्त्वाचं, महत्त्वाचं, विचारात घेतो, विचारात घेत नाही. या तक्त्याच्या अगदी तळाशी ‘अर्जदाराच्या आवडीची पातळी’ अशी ओळ असते. तिच्यासमोर खूण कुठे केली आहे ते बघा. तुमचं उत्तर तिथेच आहे.

पीडीएफ उघडलीच आहे तर आणखी चार ठिकाणी नजर टाका. ‘सी १’मध्ये किती जणांनी अर्ज केला, किती निवडले आणि किती आले हे आकडे असतात, त्यावरून यील्ड काढता येतो. ‘सी २’मध्ये वेटलिस्टवरून किती जणांना घेतलं ते असतं. ‘सी २१’मध्ये अर्ली डिसिजनचे, म्हणजे निवड झाली तर तिथेच जाण्याचं वचन देऊन लवकर केलेले अर्ज आणि त्यातल्या निवडी. आणि ‘एच ६’मध्ये परदेशी विद्यार्थ्यांना आर्थिक मदत मिळते का, किती जणांना मिळाली आणि सरासरी किती, हे असतं. मराठी घरांतल्या बहुतेक मुलांसाठी ‘एच ६’ हा तक्ता ‘सी ७’पेक्षाही मोलाचा आहे. ज्या कॉलेजात परदेशी मुलांना मदतच मिळत नाही, तिथे आवड दाखवण्यात वेळ घालवण्याआधी घरात पैशांचं बोलणं झालेलं बरं.

आम्ही मेल उघडला की नाही हे त्यांना खरंच कळतं?

कळू शकतं. बरीच कॉलेजं ‘स्लेट’ नावाची प्रणाली वापरतात. तुम्ही त्यांच्या साइटवर चौकशीचा फॉर्म भरला की तिच्यात तुमच्या नावाची नोंद तयार होते. पुढे कोणत्या सत्राला नाव दिलंत, हजर राहिलात का, कोणता मेल उघडलात, कोणत्या दुव्यावर गेलात, हे त्या नोंदीला जोडता येतं. मात्र नोंद होते म्हणजे ती निवडीत वापरलीच जाते असं नाही. पुष्कळ ठिकाणी ती फक्त कोणाला काय पाठवायचं हे ठरवायला वापरतात.

मेल दहा वेळा उघडून काही मिळत नाही. एकदा उघडा, वाचा, काम असेल तर करा.

मग आत्ता लगेच काय करून ठेवायचं?

एक ईमेल ठरवा आणि चौकशीचा फॉर्म, वेबिनार, कॉमन ॲप, शिष्यवृत्तीचा अर्ज सगळीकडे तोच वापरा. शाळेचा मेल आयडी वापरू नका, बारावी झाली की तो बंद होतो. आईच्या मेलवरून वेबिनारला नाव दिलं आणि अर्ज स्वतःच्या मेलवरून केला, तर त्या हजेरीची नोंद तुमच्या अर्जाला न जोडता वेगळीच पडून राहू शकते.

नावाचंही तसंच. आपल्याकडे दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा आईचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. पासपोर्टवर जसं आहे तसंच नाव सुरुवातीपासून सगळीकडे लिहा. पुढे आय-ट्वेंटी (व्हिसासाठी कॉलेज देतं तो फॉर्म) आणि व्हिसाच्या वेळीही हीच शिस्त उपयोगी पडते.

कॅम्पस बघायला अमेरिकेला जाऊन यायला हवं का?

नको. कॉलेजला अंतर आणि खर्च दोन्ही ठाऊक आहे. शंभर मैलांवर राहणारा मुलगा कधीच कॅम्पसवर फिरकला नाही तर त्यांना प्रश्न पडू शकतो. साताऱ्याच्या मुलीकडून त्यांची तशी अपेक्षा नसते. त्या सहलीच्या पैशात सगळ्या अर्जांची फी भरून होईल. मावशी न्यू जर्सीला राहते आणि सुट्टीत तिच्याकडे जाणारच आहात, तर जवळपासची दोन कॉलेजं जरूर बघा. जाताना त्यांच्या साइटवरून कॅम्पस टूरसाठी नाव नोंदवून जा, नाहीतर भेटीची नोंद कुठेच राहत नाही.

इथे राहून करता येण्यासारखं भरपूर आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अनेक कॉलेजांचे प्रतिनिधी भारतात येतात, मुंबईत मेळावे होतात, काही जण पुण्यालाही येतात. अमेरिकी सरकारच्या ‘एज्युकेशनयूएसए’चं मुंबईतलं केंद्र यूएसआयईएफ या भारत-अमेरिका शैक्षणिक संस्थेमार्फत चालतं. मान्यताप्राप्त कॉलेजांची निष्पक्ष माहिती तिथे मिळते आणि कार्यक्रमांच्या तारखाही कळतात. मेळाव्यात भेटणारा प्रतिनिधी पुष्कळदा तोच असतो जो नंतर भारतातले अर्ज पहिल्यांदा वाचतो. म्हणून त्याच्या टेबलाशी फक्त पुस्तिका गोळा करू नका. एक नेमका प्रश्न विचारा आणि संध्याकाळी त्याला चार ओळींचा आभाराचा मेल पाठवा.

ऑनलाइन सत्रं आपल्याकडे भल्या पहाटे असतात. बसायलाच हवं का?

न्यूयॉर्कला संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटेचे साडेचार आणि नोव्हेंबरपासून साडेपाच होतात. बारावीच्या वर्षात अशी जागरणं करण्याची गरज नाही. बरीच कॉलेजं परदेशी मुलांसाठी वेगळ्या वेळा ठेवतात, ती यादी आधी बघा. तशी वेळ नसेल तर नाव नोंदवा, म्हणजे नंतर रेकॉर्डिंग मिळण्याची शक्यता असते. आवडीच्या तीन-चार कॉलेजांसाठी एकेका सत्राला प्रत्यक्ष हजर राहिलात तरी पुष्कळ झालं.

ॲडमिशन ऑफिसरला मेल करावा का? काय लिहायचं?

खरा प्रश्न असेल तर जरूर करा. प्रश्न नसताना केलेला मेल वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतो. ‘मी खूप मेहनती विद्यार्थी आहे, आपल्या प्रतिष्ठित संस्थेत शिकणं माझं स्वप्न आहे’ या मेलला उत्तर द्यायला त्याच्याकडे काही नसतं. डेडलाइन कधी, फी किती, हे साइटवर लिहिलेलं असतं. ते विचारलं तर साइट बघितली नाही एवढंच त्याला कळतं.

चांगला प्रश्न असा असतो: “महाराष्ट्र बोर्डात अकरावी-बारावीला मी गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगोल घेतले आहेत. तुमच्या पर्यावरणशास्त्राच्या पहिल्या सत्राला जीवशास्त्र आधी झालेलं असणं आवश्यक आहे का, की ते तिथे येऊन घेता येतं?” याचं उत्तर साइटवर नाही, तुमच्या परिस्थितीपुरतं आहे, आणि ते कळल्यावर तुमचा निर्णय बदलू शकतो. मेल इंग्रजीतच लिहायचा, पण साध्या इंग्रजीत. शब्दकोशातून काढलेले जड शब्द नकोत. उत्तर आलं की ‘धन्यवाद, कळलं’ एवढं कळवून थांबा.

हा मेल आईवडिलांनी केला तर चालेल का?

फी, आर्थिक मदतीची कागदपत्रं, बँकेची पत्रं याबद्दल पालकांनी विचारलं तर कोणाला काही वाटत नाही. अभ्यासक्रम, निबंध, इंटरव्ह्यू यांबद्दल मुलानं किंवा मुलीनंच लिहायचं. चार वर्षं तिथे जाऊन स्वतःच्या अडचणी स्वतः सोडवणार तेच आहेत, आणि कॉलेज नेमकं तेच बघत असतं. मुलाच्या नावानं पालकांनी मेल लिहिणं तर अजिबात करू नका. पुढे इंटरव्ह्यूला तोच विषय निघाला की मुलाची पंचाईत होते.

‘हेच कॉलेज का’ हा निबंध कसा लिहावा?

कॉमन ॲपचा मुख्य निबंध ६५० शब्दांपर्यंतचा असतो आणि तो सगळ्या कॉलेजांना एकच जातो. त्यात कोणत्याही कॉलेजचं नाव येत नाही. आवड दिसते ती प्रत्येक कॉलेजच्या पुरवणी निबंधात. कुठे तो शंभर शब्दांचा असतो, कुठे पाचशेच्या पुढे जातो. आणि एक गंमत नाही, गंभीर गोष्ट: जी कॉलेजं ‘आवड विचारात घेत नाही’ म्हणतात, त्यांच्यातलीही बरीच हा प्रश्न विचारतात. तुम्ही किती मेल उघडलेत याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं, पण आपल्या कॉलेजात येऊन हे मूल काय करेल हे त्यांना जाणून घ्यायचं असतं. म्हणून वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा आणि इथे द्या.

आधी आपण लिहितो ते बघू. “आपल्या कॉलेजची जागतिक कीर्ती, नामवंत प्राध्यापक, अद्ययावत प्रयोगशाळा आणि विविधतेनं नटलेलं वातावरण मला आकर्षित करतं.” यातलं कॉलेजचं नाव बदलून दुसरं घाला. वाक्य जसंच्या तसं उभं राहतं. असं प्रत्येक वाक्य खोडायचं.

आता समजा, राजापूरकडची एक मुलगी आहे. घराजवळच्या सड्यावर जांभ्यात कोरलेली कातळशिल्पं ती लहानपणापासून बघत आली आहे. कोकणातली ही शिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली, तेव्हा ती बघायला बाहेरची माणसं येऊ लागली आणि तिला पहिल्यांदा प्रश्न पडला, की जांभ्यासारख्या झिजणाऱ्या दगडावर कोरलेलं इतका काळ टिकलं कसं? तिला भूगर्भशास्त्र आणि पुरातत्त्व दोन्ही शिकायचं आहे. ती कोलोरॅडो कॉलेजला अर्ज करते. तिथे ब्लॉक प्लॅन आहे, म्हणजे एका वेळी एकच विषय, साडेतीन आठवडे. मध्ये दुसरा तास नसल्यामुळे भूगर्भशास्त्राचा वर्ग दिवसचे दिवस बाहेर खडकांवर जाऊ शकतो. ती लिहिते की माझा अभ्यास पुस्तकाआधी सड्यावर सुरू झाला, दगड हातात घेतल्याशिवाय मला प्रश्नच सुचत नाहीत, आणि म्हणून पंचेचाळीस मिनिटांच्या तासांपेक्षा ही पद्धत मला मानवेल. यातलं कॉलेज बदलून बघा. निबंध कोसळतो. आणि मुलगी बदललीत तरी कोसळतो. दोन्ही बाजूंनी घट्ट बसलेला निबंध तो हा.

असं लिहायला माहिती कुठून आणायची? पहिल्या पानावरच्या हसऱ्या फोटोंतून नाही. विषयाच्या विभागाच्या पानावर जा, डिग्रीसाठी कोणते कोर्स सक्तीचे आहेत ते वाचा, मागच्या वर्षीच्या मुलांनी शेवटच्या वर्षाचे प्रकल्प कशावर केले ते शोधा. ओहायोच्या वूस्टर कॉलेजात शेवटच्या वर्षी प्रत्येकाला स्वतंत्र संशोधन करावं लागतं, पोर्टलंडच्या रीडमध्ये प्रत्येकाला प्रबंध लिहावा लागतो, ब्राउनमध्ये मुख्य विषयाबाहेर सक्तीचे विषय जवळपास नाहीत, नॉर्थईस्टर्न आणि ड्रेक्सेलमध्ये शिकता शिकता काही महिने पूर्ण वेळ नोकरी करण्याची पद्धत मुरलेली आहे. या गोष्टी तुम्हाला हव्याशा वाटतात की नकोशा, हे आधी स्वतःला विचारा. कॉलेजच्या विद्यार्थ्यांचं वर्तमानपत्रही वाचा. मुलं कशावर भांडतात, कशाची तक्रार करतात हे त्यातून कळतं, आणि माहितीपत्रकात ते कधीच नसतं.

प्राध्यापकांची नावं पेरणं टाळा. एखाद्यांचं काम खरंच वाचलं असेल आणि त्यातला कोणता मुद्दा तुम्हाला पुढे न्यायचा आहे हे सांगता येत असेल, तरच नाव लिहा.

आपल्याकडे या प्रकारच्या लेखनाचा एक थोर नमुना आहे. १८८३ साली अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशींनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला पत्र लिहिलं. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पूर्ण करू शकत नाही, हे त्यांनी त्यात सरळ मान्य केलं. कारण मात्र असं दिलं की त्यावर कोणी बोट ठेवू शकणार नाही: पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या माझ्या देशातल्या बायकांसाठी मला हे शिकायचं आहे. ते कॉलेज १८५० मध्ये निघालंच होतं स्त्रियांना डॉक्टर करण्यासाठी. त्यांचं काम आणि आनंदीबाईंची निकड एकाच ठिकाणी येऊन मिळत होती. प्रवेश मिळाला, आणि मार्च १८८६ मध्ये त्या एम.डी. झाल्या. पत्रात कॉलेजची स्तुती करण्याची त्यांना गरज पडली नाही.

इंटरव्ह्यू ऐच्छिक आहे असं लिहिलंय. द्यावा का?

मिळत असेल तर द्या. बहुधा माजी विद्यार्थी घेतात, ऑनलाइन किंवा मुंबई-पुण्यात भेटून. काही ठिकाणी परदेशी मुलांसाठी ‘इनिशियलव्ह्यू’सारखी संस्था मुलाखत रेकॉर्ड करून पाठवते, त्याला फी पडते. मॅसॅच्युसेट्समधल्या ऑलिन इंजिनिअरिंग कॉलेजात तर निवडक मुलांना बोलावून केलेला कार्यक्रम हा निवड प्रक्रियेचाच भाग आहे. इंटरव्ह्यू मिळालाच नाही तर घाबरू नका, सगळीकडे माजी विद्यार्थी पुरत नाहीत आणि त्याचे गुण कापले जात नाहीत.

शेवटी ‘तुला काही विचारायचं आहे का’ असं विचारतील. तिथे ‘नाही’ म्हणू नका. “तुम्ही तिथे असताना कोणत्या गोष्टीची सवय व्हायला वेळ लागला?” यासारखा प्रश्न विचारा आणि उत्तर मन लावून ऐका. तुमच्या निर्णयाला ते उपयोगी पडेल.

अर्ली डिसिजन ही सर्वांत मोठी खूण आहे म्हणतात. मग तिथेच अर्ज करावा?

खूण मोठी आहे हे खरं. अर्ली डिसिजन एकाच कॉलेजला करता येतं आणि निवड झाली तर तिथे जाण्याचं वचन असतं. अर्जदार, पालक आणि शाळेचे समुपदेशक किंवा प्राचार्य अशा तिघांच्या सह्या लागतात. डेडलाइन साधारण १ किंवा १५ नोव्हेंबर, निकाल डिसेंबरच्या मध्यापर्यंत. काही कॉलेजांत जानेवारीत दुसरी फेरीही असते. काही कॉलेजं निम्म्याच्या आसपास जागा अशाच भरतात, कारण इथे यील्डचा प्रश्नच उरत नाही.

पण आकड्यांना भुलू नका. या फेरीत निवडीचं प्रमाण जास्त दिसतं, त्यात आधीच ठरलेले खेळाडू आणि माजी विद्यार्थ्यांची मुलंही असतात. आणि पैशांचा प्रश्न आहे. डिसेंबरात एकाच कॉलेजची ऑफर हातात येते. दुसऱ्या कॉलेजनं किती शिष्यवृत्ती दिली असती याची तुलना करण्याची संधी तुम्ही सोडून दिलेली असते. मागितलेली आर्थिक मदत पुरेशी मिळाली नाही तर वचनातून मोकळं होता येतं, पण जास्त शिष्यवृत्ती दुसरीकडे मिळेल म्हणून बाहेर पडता येत नाही. ज्या घरात ‘किती मदत मिळते त्यावर ठरवू’ असं बोलणं चाललं आहे, त्या घरातल्या मुलानं अर्ली डिसिजनची सही करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी अर्ली ॲक्शन बघा. निकाल लवकर, बंधन नाही, उत्तर १ मेपर्यंत द्यायचं.

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड यांच्याकडे अर्ली ॲक्शन आहे, पण सोबत इतर खासगी कॉलेजांत लवकरचा अर्ज करण्यावर बंधनं असतात. प्रत्येकाचा नियम वाचूनच पुढे जा.

आर्थिक मदत मागितली तर आवड कमी पडते का?

आवडीशी संबंध नाही, पण निवडीशी आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट, डार्टमथ, बोडिन अशी मोजकीच कॉलेजं परदेशी मुलांची निवड करताना पैशांची गरज बघत नाहीत. बाकी बहुतेक ठिकाणी ती बघितली जाते. तिथे तुमची आवड कितीही दिसली तरी मदतीचा निधी मर्यादितच राहतो. म्हणून पुन्हा सांगतो, ‘एच ६’ तक्ता आधी. गरज असूनही ‘मदत नको’ असं लिहून नंतर मागण्याचा सल्ला कोणी दिला तर मानू नका, अनेक ठिकाणी नंतर मदत मागताच येत नाही.

कन्सल्टंट म्हणतात, ‘आम्ही तुमच्या वतीनं कॉलेजशी संपर्क ठेवू.’

हे काम दुसऱ्याला देण्यासारखं नाही. मार्गदर्शन घ्या, तारखा सांभाळायला मदत घ्या. पण तुमच्या खात्याचा पासवर्ड, मेल आणि निबंधातली वाक्यं तुमचीच राहू द्या. एकाच कचेरीतून एका कॉलेजला गेलेले चार अर्ज जर एकाच धाटणीनं बोलत असतील, तर ते वाचणाऱ्याच्या लक्षात येतं.

इन्स्टाग्रामवर कॉलेजला फॉलो केलं तर?

माहितीसाठी करा. निवडीसाठी त्यावर भिस्त ठेवू नका.

डिफर झालो (लवकरच्या फेरीतला निर्णय पुढे ढकलला) किंवा वेटलिस्टवर आहे. आता काय?

आधी कॉलेजनं काय सांगितलं आहे ते वाचा. काही जण जादा पत्र नको म्हणतात, तिथे पाठवायचं नाही. काही जण पोर्टलवर फॉर्म देतात, तिथे तोच भरायचा. काहीच बंधन नसेल तर एक पानाचं पत्र लिहा: अजूनही यायचं आहे, अर्जानंतर काय नवीन घडलं, आणि निवड झाली तर येणार का. ‘नक्की येईन’ हे वाक्य एकाच कॉलेजला, आणि पैशांची सोय झालेली असेल तरच. रोज मेल, ओळखीच्यांची पत्रं, भेटवस्तू यांनी नुकसानच होतं.

आपल्या मुलांची एक वेगळी अडचण आहे. वेटलिस्टची हालचाल बहुतेक १ मेनंतर होते आणि बारावी बोर्डाचा निकालही मे महिन्यातच लागतो. निकाल चांगला असेल तर त्याच दिवशी मार्कशीट पाठवून द्या, या टप्प्यावर ती खरी नवी माहिती असते. पण १ मेपर्यंत दुसऱ्या एखाद्या कॉलेजात जागा पक्की केलेली असू द्या. वेटलिस्टवर किती भरवसा ठेवायचा, ते ‘सी २’चे आकडे सांगतील.

इंग्लंडला किंवा एमएससाठी अर्ज करताना हेच लागू होतं का?

इंग्लंडला यूकॅस या तिथल्या सामाईक अर्जव्यवस्थेवरून एकच पर्सनल स्टेटमेंट पाचही ठिकाणी जातं, त्यामुळे त्यात कोणत्याही युनिव्हर्सिटीचं नाव घालायचं नाही. तिथे विषयाबद्दलची आवड बघतात, संस्थेबद्दलची नाही.

अमेरिकेत एमएस किंवा पीएचडीचा निर्णय विभागातले प्राध्यापक घेतात. तिथे मेल उघडण्याचा प्रश्न नसतो. तुमचं काम त्यांच्या विभागात कोणाच्या कामाशी जुळतं, हे एसओपीत (अर्जासोबतच्या उद्देशपत्रात) नेमकेपणानं यावं लागतं, पीएचडीसाठी तर विशेषच. भारतात पुण्याचं फ्लेम, सोनीपतचं अशोका यांसारख्या ठिकाणी निबंध आणि मुलाखत असते, तिथे वर निबंधाबद्दल जे लिहिलं ते बऱ्याच अंशी चालेल.

ही सगळी मेहनत प्रवेशानंतर वाया जाते का?

नाही. बीकेसीतल्या अमेरिकेच्या वाणिज्य दूतावासात एफ-वन या विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतीला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, ‘हीच युनिव्हर्सिटी का?’ मुलाखत काही मिनिटांत आटोपते. ज्यानं निबंध स्वतः लिहिला आहे तो दोन वाक्यांत शांतपणे उत्तर देतो. ज्याच्यासाठी दुसऱ्यानं लिहिला, तो रँकिंग सांगू लागतो.

दुसरीकडे जायचं ठरलं. ज्या कॉलेजांनी निवडलं होतं त्यांना कळवायला हवं का?

हो, आणि १ मेची वाट बघू नका. पोर्टलवर ‘नकार’चं बटण असतं, दोन मिनिटांचं काम आहे. तुम्हाला मदत करणाऱ्या ऑफिसरला दोन ओळींचा मेलही करा. तुम्ही जागा लवकर सोडलीत तर कॉलेजला वेटलिस्ट लवकर हलवता येते, आणि ज्या मुलांचे व्हिसाचे स्लॉट, बँकेचं कर्ज आणि तिकीट त्या एका मेलवर अडलेलं असतं, त्यांना आणखी काही आठवडे मिळतात.